भूकंप करण्याचा हंगाम

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या भागात एक तपकिरी, कोरडा वास पसरतो. पानं गळून गेलेली असतात, नुसत्या शेंगांची झाडं वाऱ्यावर खुळखुळतात. ऊन डोळ्यांत घुसतं आणि त्या उन्हातच परतीच्या पावसाचं भय मिसळलेलं असतं. माणसं आभाळाकडे बघत बघत कापणी करतात. मग एके दिवशी कुणाच्या तरी शेतात मळणीयंत्र लागतं. त्याची धडधड मला कानाच्या आधी तळपायाला कळते. मी वर्गात फळ्यावर लिहीत असते, हातातला खडू मध्येच थांबतो. "बाई, पुढं?" मुलं विचारतात. मी पुढचं अक्षर लिहिते. पण त्या दिवशी माझं अक्षर नीट येत नाही.

असं दर वर्षी होतं, आणि दर वर्षी मला तो एक हंगाम आठवतो.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. परभणीच्या पाट्या पुसून नव्या पाट्या रंगवणं चाललं होतं. गावोगाव सीडीची दुकानं निघाली होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच बोलणं, कुणीतरी कुठंतरी गावातल्या गावात सिनेमा काढला आणि तो बाजारात खपतोय. मी डी.एड. होऊन घरी बसले होते. नोकरीची वाट बघणं आणि लग्नाची स्थळं बघणं, ही दोन्ही कामं घरातले लोक माझ्या वतीनं करत होते. माझ्याकडे फक्त रिकामा वेळ होता. अशात एका सकाळी देवीदास दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आला आणि म्हणाला, "काका, सुमनला सिनेमात घ्यायचंय. तुमचं जुनं माळवदबी पाहिजे. दोन्हीला न्हाई म्हणू नका."

देवीदास आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरचा. त्याच्या पणजोबाच्या पिढीनं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून मुलुख पालथा घातला होता. त्याच्या बापाकडे मुरमाड जमीन होती. तो माझ्या थोरल्या भावाचा, बाळूचा वर्गमित्र. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवायचं ते त्यानंच. पण त्याच्या डोक्यातला सिनेमा काही स्नेहसंमेलनातला नव्हता. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. वारंगा फाट्यावरून पोरांचा एक ट्रक ढिगारे उपसायला निघाला, त्यात तोही चढला. परत आला तो पुष्कळ दिवस कुणाशी धड बोलला नाही. त्याला ते दाखवायचं होतं. एक साधं घर, नवरा-बायको, पाळण्यातलं लेकरू, आणि शेवटी ती पहाट. सगळा सिनेमा त्या शेवटासाठी होता.

 दादांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं आत्या भाकरी थापत होती.

गोदाआत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिला लातूरकडेच दिलं होतं. त्या भूकंपात तिचा नवरा, सासू आणि दोन्ही लेकरं गेली. तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. दादा तिला माहेरी घेऊन आले आणि त्याच साली आम्ही माळवद सोडलं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि हातभर मातीचं छत. तसल्या घरात पुन्हा निजायची हिंमत मराठवाड्यात तेव्हा कितीकांची झाली नाही. दादांनी पलीकडच्या जागेत पत्र्याचं घर घातलं. माळवदात कडबा आणि मोडकी अवजारं पडून राहिली. आत्या त्या घराच्या सावलीतूनसुद्धा जात नसे. आडाला जायचं तर लांबच्या बाजूनं वळसा घालून जायची.

एरवी आत्या आमच्यासारखीच होती. कामाला वाघ, तोंडानं फटकळ, हसायचीसुद्धा. फक्त त्या रात्रीबद्दल तिनं कधी एक शब्द उच्चारला नव्हता. विचारायचं नाही, हे घरात कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, तरी सगळे पाळत होते.

दादा शेवटी म्हणाले, "गोदी घरी नसंल तवा करा." एवढीच अट.

कॅमेरा रफिकभाईंचा. जवळा बाजारला त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. वडिलांचा कल्हईचा धंदा बसला तेव्हा रफिकभाईंनी खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि पंचक्रोशीतल्या नवऱ्या-नवरदेवांना बदामाच्या आकारात बसवू लागले. दिवाळी होईपर्यंत लग्नं नसतात, कॅमेरा कपाटात पडून असतो. म्हणून ते आले. पण आले म्हणजे मन लावून आले. त्यांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. धरणी हलताना दाखवायची कशी?

कोजागिरीच्या अलीकडचे ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. अंगणात कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या, आणि त्यांच्या मधोमध आमची भूकंपाची प्रयोगशाळा. पहिल्यांदा रफिकभाईंनी कॅमेरा हातातच गदागदा हलवला. छोट्या टीव्हीवर कॅसेट लावून बघितली. "हे तर दारू पिऊन शूटिंग केल्यावानी दिसून राहिलं," ते स्वतःच म्हणाले. मग सायकलच्या ट्यूबा कापून लाकडी चौकटीला बांधल्या आणि त्यांच्यामध्ये कॅमेरा झोळीसारखा टांगला. ट्यूब ताणून सोडली की चित्र झोके घ्यायचं. "पाळण्यातून बघितल्यागत वाटतं," देवीदास म्हणाला. तिसऱ्या खेपेला बाळूनं ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणली, अर्धी हवा भरली, तिच्यावर फळी टाकली आणि फळीवर कॅमेऱ्याचा स्टँड. फळीचं टोक हातानं हिसडलं की चित्रातली भिंत एकदम खालून उसळायची. आम्ही टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसून ते बघितलं. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. आमचं रोजचं अंगण, रोजची तुळस, आणि ती अशी उसळत होती.  मान वर केली तर तुळस आपल्या जागी शांत उभी.

आत्या ओसरीत तूर निवडत होती. मी पाणी न्यायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "काय करून राहिली गं ती पोरं?"

"कॅमेरा हालवून राहिलेत."

"काहून?"

मी जरा घुटमळले. "घर हालतंय असं दाखवायचंय, आत्या."

सुपातली तूर तिनं एकदा पाखडली. "घर हालतं तवा कुणी बघत नसतंय," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या विषयावर तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

शूटिंग बाजाराच्या दिवशी ठरलं, कारण आई आणि आत्या जवळा बाजारला जाणार होत्या. माळवद झाडून घेतलं. खिडकीला पोती ठोकली, दारावर ताडपत्री सोडली, आणि भर दुपारी आत अंधार केला. एका दिव्याच्या उजेडात ते जुनं घर मला अनोळखी वाटलं. लहानपणी मी त्याच्यात वाढले होते. तरीही त्या दुपारी आत पाऊल टाकताना मला वाटलं, इथं आपल्याला कुणी बोलावलेलं नाही.

देवीदासला नुसता कॅमेरा हलून पुरे नव्हतं. कोपऱ्यात रचलेली मडक्यांची उतरंड खडखडली पाहिजे, वरून माती गळली पाहिजे. बाळूनं युक्ती काढली. मळणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून मागच्या भिंतीला चिकटून लावायचं आणि रिकामंच चालवायचं. भिंत आपोआप थरथरेल. कॅमेऱ्याखालच्या फळीलाही एक दोर बांधून तो खिडकीतून यंत्राच्या सांगाड्याला ताणला, म्हणजे कॅमेरा आणि घर एकाच तालात हलेल. यंत्राचा आवाज फार होणार म्हणून रफिकभाईंनी माईकची वायर काढून ठेवली. आवाज मागाहून घालता येतो, ते म्हणाले.

त्या साली भाद्रपदात पाऊस लागून राहिला होता. छतावरची माती पाणी पिऊन जड झालेली होती, भिंतींना आतून ओल होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या दुपारी ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी चटईवर निजले. शेजारी माझं लेकरू, म्हणजे कुंचीत गुंडाळलेली एक उशी. देवीदासनं हात वर केला, बाहेर बाळूनं यंत्र सुरू केलं.

आधी चटईतून अंगाला मुंग्या आल्या. मग उतरंडीतली मडकी एकमेकांना पुटपुटल्यासारखी वाजू लागली. वरून बारीक माती झरली, माझ्या पापण्यांवर, ओठांवर. डोळे मिटून ठेवायचे होते, पण मी किलकिले उघडले. धुळीपलीकडे रफिकभाई फळीवर वाकलेले, एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला. देवीदास कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या टीव्हीपुढे उकिडवा बसलेला, त्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड थरथरत होता.

"क्या बात है!" रफिकभाई ओरडले. "अस्सल! एकदम अस्सल दिसून राहिलं!"

"थांबू नका," देवीदास म्हणाला. "कुणी थांबू नका."

मी छताकडे बघत होते. मोठी तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं मला उजेडाची एक रेघ दिसली. मला वाटलं, पोतं सरकलं असेल. पण पोतं खिडकीला होतं आणि ही रेघ त्याच्या खूप वर होती. केसासारखी बारीक. बघता बघता ती सुतळीएवढी झाली. मला कळत होतं की काहीतरी बरोबर नाही, पण कळणं अंगात उतरत नव्हतं. मी सिनेमात होते. सिनेमात घर हलायचंच होतं. माती जितकी जास्त पडेल तितकं चांगलं, असंच आमचं ठरलेलं होतं.

दारावरची ताडपत्री फाटल्यासारखी बाजूला झाली आणि आत्या आत आली.

आभाळ भरून आलं म्हणून, अंगणातल्या सुड्या झाकायच्या म्हणून, ती आणि आई बाजार अर्धा टाकून परतल्या होत्या. जुन्या घरामागं यंत्र चालू बघून ती थांबली आणि पुढं काय झालं ते आईलाही कळलं नाही. हातातली पिशवी टाकून ती पळत सुटली. वर्षानुवर्षं ज्या घराला वळसा घालायची, त्याच घरात शिरली.

"सुमे! ऊठ! भायेर!"

तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की पुढं आठवडाभर तिची बोटं तिथं उमटून होती. दुसऱ्या हातानं तिनं उशी उचलून पोटाशी धरली.

"आत्या, मधी येऊ नका!" देवीदास कळवळून ओरडला. "चालू हाय कॅमेरा!"

"सगळे भायेर!" तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. देवीदासनं टीव्हीवरून मान वर केली आणि पहिल्यांदा डोळ्यांनी छताकडे बघितलं. तो आमच्या मागोमाग निघाला. रफिकभाईंचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. त्यांना चित्रात सगळंच हलताना दिसत होतं. त्यात खरं कोणतं, हे कळायला त्यांना एक क्षण जास्त लागला. आम्ही अंगणात पोचतो तोवर मागची भिंत पोट फुगवून बाहेर आली आणि तुळई सुटली. यंत्राच्या धडधडीत छत पडल्याचा आवाजसुद्धा नीट ऐकू आला नाही. दारातून धुळीचा लोट निघाला आणि त्याच्यातून रफिकभाई कॅमेरा छातीशी धरून फरपटत आले. त्यांची एक टाच तुळईखाली चेचली गेली होती.

पलीकडे ट्रॅक्टरवर बसलेल्या बाळूनं यंत्र बंद केलं. मग जी शांतता झाली तिच्यात नुसती माती गळत राहिल्याचा आवाज होता. मी जिथं निजले होते, तिथं आता कमरेइतका ढिगारा होता.

आत्या लिंबाखाली जाऊन बसली. कुंचीतली उशी तिनं सोडली नव्हती. ती हलत नव्हती, रडत नव्हती. कुणी जवळ जाईना. दादा शेतातून धावत आले, तिच्यापुढे बसले, आणि हळूच म्हणाले, "गोदे, दे ते इकडं."

"उशी हाय, म्हाईत हाय मला," आत्या म्हणाली. "असू दे जरा."

दिवस बुडेपर्यंत ती तशीच बसून होती. आईनं तिथंच चहा नेऊन दिला.

रफिकभाईंना हिंगोलीला नेलं, पाय प्लास्टरमध्ये गेला. ते पुढं कायमचे लंगडतच चालले. देवीदास तांड्यातून बाहेर पडेना. मला रात्री झोप लागली की ती रेघ दिसायची, आणि दर वेळी मी तिच्याकडे नुसती बघत पडलेली असायची. आज इतक्या वर्षांनीही मला नवल वाटतं. आम्ही इतके जण, सगळ्यांचे डोळे शाबूत, सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे, घर हलतंय की नाही. आणि ते खरंच हलत होतं ते दिसलं मात्र कुणालाच नाही. भीती आपण हातानं तयार करत बसलो की खरी भीती दारात आली तरी ती आपलीच वाटते, ओळखीची वाटते. हे फक्त सिनेमापुरतं आहे असं मला आता वाटत नाही.

दिवाळीनंतर रफिकभाईंचा निरोप आला. कॅसेट धड होती. तिच्यात सगळं होतं, ताडपत्री, आत्या, तिचा हात, पडणारी तुळई. देवीदासला त्यांनी साफ सांगितलं होतं, "ती बाई ह्यात हाय. तिची मर्जी नसंल तर मी ही कॅसेट कुणालाच दाखवणार न्हाई."

आम्हाला वाटलं आत्या चिडेल. ती म्हणाली, "चल, बघू दे मला."

रफिकभाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे दोन व्हीसीआर, एक व्हिडिओ मिक्सर, भिंतीवर पडद्यासारखा टांगलेला गालिचा. बाहेर बाजाराची वर्दळ, कापसाच्या गाड्या. रफिकभाईंनी शटर अर्धं ओढलं. आत्या स्टुलावर बसली, मी तिच्यामागं उभी. चित्र सुरू झालं. निळसर अंधार, चटईवर मी, माझ्याशेजारी कुंची. सगळं उसळत, थरथरत होतं. मग ती स्वतः आली. तिनं स्वतःला बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.

"ह्याला आवाज काहून न्हाई?" तिनं विचारलं.

"आवाज नंतर भरायचाय, आत्या," देवीदास खाली बघत म्हणाला. त्यानं पत्रा हलवून, रिकामी टाकी बडवून काही आवाज कॅसेटवर घेऊन ठेवले होते. त्यानं ते ऐकवले. गडगडाट, कडकडाट. लग्नाच्या फटाक्यांचाही एक होता.

"असं न्हाई," आत्या म्हणाली.  रफिकभाई एकदम कॅसेट बंद करू लागले तेव्हा तिनं विचारलं, "तुमचा तो माईक चालू हाय का?"

रफिकभाईंनी वायर जोडली आणि माईक तिच्यापुढं धरला.

आत्यानं डोळे मिटले. तिच्या गळ्यातून, गळ्याच्याही खालून, एक आवाज निघाला. तोंड मिटलेलं होतं. घुमणारा, खर्जातला, लांबून येणारा. आधी इतका हळू की वाटलं बाहेरून कुठलीतरी गाडी जातेय. मग तो जवळ आला. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या. दुकानातल्या काचेच्या कपाटावर माझा हात होता, आणि मी शपथेवर सांगते, ती काच मला हातात जाणवली. बाहेरून शटरपाशी कुणीतरी डोकावलं आणि तसंच मागं सरलं. देवीदासनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

आवाज एकदम थांबला.

"हे आलं आधी," आत्या म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "मी जागी झाले. उठून बसले. म्हणलं ट्रक हाय, जाईल. लेकरांवर पांघरूण घातलं अन् परत निजले."

 रफिकभाईंनी माईक तसाच धरलेला होता.

"बंद करा आता," ती म्हणाली. "दाखवा तुमचा सिनेमा. माझं त्वांड तेवढं दिसू देऊ नका."

त्यांनी तसंच केलं. सिनेमात आत्या दिसत नाही. धुळीतून एक हात येतो, मनगट धरतो, आणि चित्र तिथंच काळं होतं. तांड्यावर, मग जवळा बाजारात, मग कनेरगाव नाक्याकडच्या गावांतून ती सीडी फिरली. लोक देवीदासला विचारायचे, "कॅमेरा काय हालवलाय राव, कसा हालवला?" तो हसून विषय बदलायचा. त्यानं पुन्हा सिनेमा केला नाही. मला पुढच्याच वर्षी नोकरी लागली. आत्या अधूनमधून आपल्या लेकरांची नावं घेऊ लागली. सणाला गोडधोड झालं की सहज म्हणायची, हे थोरल्याला लई आवडायचं. ती जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

गेल्या काही वर्षांपासून आमच्या औंढा-वसमतकडच्या गावांमधून जमिनीतून आवाज येतात. माणसं बाहेर येऊन उभी राहतात, थोड्या वेळानं आत जातात. माझ्या शाळेत तो पहिल्यांदा आला तेव्हा सकाळचा गणिताचा तास होता. लांबून, खर्जात, आधी अगदी हळू. मुलांनी मान वर केली नाही. गाड्या आमच्या रस्त्यानं नेहमीच जातात.

मी तो आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता, आणि तो एका बाईच्या गळ्यातून.

मी मुलांना दप्तरं तिथंच टाकायला लावली आणि सगळ्यांना मैदानात नेलं. काही पडलं नाही. जमीन गप्प झाली. मुलं उन्हात उभी राहून एकमेकांना ढकलत होती, त्यांना वाटत होतं सुट्टी झाली.

"बाई, ट्रक व्हता," पहिल्या बाकावरची एक मुलगी मला समजावत म्हणाली. "गेला तो."

"गेला असंल," मी म्हटलं. "पण आत कुणी जायचं न्हाई."